अर्धी गोळी

"काकू, तुम्ही अडखळलात!" हॉस्पिटलात माझा मेंदू तपासणारी प्रीती जवळजवळ ओरडलीच, आणि तिचा चेहरा असा फुललेला की मला कळेना, ही पोरगी माझ्या अडखळण्यावर एवढी खूश का. तीन वर्षं मी अडखळतेच आहे. उंबऱ्याशी अडखळते, ब्लाउजच्या हुकाशी अडखळते, बँकेत सही करायला घेतली तर 'शालन' धड येतं नि 'ओव्हाळ'पर्यंत पोचेस्तोवर अक्षरं मुंग्यांएवढी झालेली असतात. त्याबद्दल आजवर कुणी टाळ्या वाजवलेल्या नाहीत. माझ्या डोक्यावर ती घट्ट टोपी, तिच्यातून निघालेल्या वायरी, केसांत कसलासा गार जेल, त्याचा एक ओघळ कानामागून मानेत उतरत होता, आणि ही समोर स्टुलावर बसून हसतेय. "अगं, अडखळले त्यात दात काढण्यासारखं काय आहे?" मी जरा रागानंच विचारलं. मग तिनं समजावलं. स्क्रीनवर चार चौकोन होते. जो पेटेल त्याच्याखालचं बटण दाबायचं, चुकीचं दाबलं की थोड्या वेळानं बझर. पाऊण तास मी तेच करत होते. मधे एकदा वैतागून विचारलंही होतं, की हे दिवे कुणी वेड लागल्यासारखे लावतंय का? तर म्हणे नाही, त्यांना क्रम होता. बारा दिव्यांची एक ठरलेली रांग, तीच परत परत. आणि शेवटी तिनं मला न सांगता तो क्रम मोडला. तिथं माझा हात अडखळला. "म्हणजे त्याला पुढचा दिवा कुठला ते माहीत होतं, काकू. तुम्हाला माहीत नव्हतं, हाताला होतं. हात शिकला. या आजारात हेच तर जड जातं, आणि तुम्ही ते गोळी न घेता केलंत! आमच्या अभ्यासातल्या सोळा जणांत असं दुसऱ्या एकाचंही नाही आलेलं. शुक्रवारी सरांना दाखवणार मी."

हात शिकला. मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. टेबलावर पडलेला होता नि अंगठा तर्जनीवर घासत होता, तंबाखू मळल्यासारखा, जे तो दिवसभर करतो. तीन वर्षं मी या हाताचा राग राग केला. चारचौघांत पदराखाली दडवला. आणि हा पठ्ठ्या गुपचूप शिकत होता! माझ्या छातीत असं काही धडधडायला लागलं की प्रीतीच्या स्क्रीनवरच्या रेघा वरखाली झाल्या नि ती म्हणाली, "काकू, हलू नका ना, अजून रेकॉर्डिंग चालू आहे." मला उठून नाचावंसं वाटत होतं. मी म्हटलं, "अगं पोरी, मी पोस्टाची चार वर्षांची चॅम्पियन आहे, कॅरमची. माहितेय तुला?" ती म्हणाली, "खरंच?" आणि मग मी सुटलेच. टोपी काढेपर्यंत, केस पुसेपर्यंत, तिला मी रिबाउंड म्हणजे काय, राणी घेतल्यावर कव्हर कसं करतात, पावडर किती टाकायची, सगळं सांगितलं. ती दिवा स्टेशनजवळ राहते, दोन दिवस पाणी नाही म्हणाली, स्वतःचे केस धुवायची पंचाईत नि माझे केस ओल्या टॉवेलनं इतके मायेनं पुसत होती.

आणि या सगळ्यात मी तिला एक गोष्ट सांगितली नाही. सांगायची म्हणून सुचलीच नाही, इतकी मी हवेत होते. सकाळी सव्वानऊला, हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये, मी रुमालाच्या गाठीतून अर्धी गोळी काढून नळाच्या पाण्याबरोबर गिळलेली. आदल्या रात्रीपासून गोळी घ्यायची नाही, असं त्यांनी कागदावर लिहून दिलेलं, मी त्याखाली माझी ती मुंग्यांची सही केलेली. पण खेळाडूची जात वाईट. बघणारं कुणी असलं की आपण वाईट खेळायचं नाही. समोरची पोरगी माझा मेंदू बघणार, मी तिच्यापुढं लाकडाच्या ठोकळ्यासारखी बसू? मॅचच्या आधी आम्ही काय काय नाही केलं. कुणी ग्लुकोज घ्यायचं, कुणी गुळाचा खडा. मी म्हटलं, अर्धीच तर आहे. अर्ध्यानं काय होतंय.

घरी येताना बसमध्ये मी खिडकीशी बसले, जगन माझ्या शेजारी. जगन म्हणजे आमचे हे, दारूगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले, पण स्वभावानं इतके थंड की त्यांच्या हातात सुतळी बॉम्बही विझेल. शिळफाट्याला मेट्रोच्या कामामुळं बस अर्धा तास उभी, एरवी मी ड्रायव्हरच्या सात पिढ्या काढल्या असत्या. त्या दिवशी मला ती उभी बसही आवडली. मी काचेवर बोटानं स्ट्रायकर मारत होते. काच गरम, बोट गार, आणि नखाखाली तो जुना ठणका, जो रोज दोनशे शॉट मारल्यावर यायचा. मला आमची विठ्ठलवाडीची चाळ आठवली. बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत कॅरम बोर्ड होता, पोरं खेळायची, मुलींनी फक्त वंदनेला यायचं. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, ते त्या खोलीची किल्ली सांभाळायचे. दुपारी पोरं नसायची, तेव्हा अण्णा मला बसवायचे नि स्वतः शेजारी पेपर वाचायचे. शिकवलं काहीच नाही. नुसतं म्हणायचे, "मार." चुकलं की म्हणायचे, "का चुकलं?" मी सांगायचे, जोर जास्त झाला. मग पुन्हा, "मार." आठ वर्षांची मी, पाय जमिनीला टेकत नव्हते. पुढं पोस्टात खेळाडू म्हणून लागले, कल्याणला सॉर्टिंगला बसायचे, आणि समोरच्या खणांत पत्र टाकताना पण हात असाच आपला आपण जायचा. डोळा पत्त्यावर पडायच्या आधी पत्र खणात. बायका म्हणायच्या, शालनच्या हाताला डोळे आहेत. मग एक दिवस याच हातानं चहाचा कप आपटला, आणि डॉक्टरांनी कंपवात असं आजाराचं नाव सांगितलं, आणि मी बोर्ड पलंगामागं उभा करून ठेवला, भिंतीकडं तोंड करून. आणि आता हे. हात शिकला! मी जगनला कोपरानं ढोसलं. "अहो, ऐकलंत ना? सोळा जणांत एक!" ते म्हणाले, "ऐकलं. तू पत्रीपुलापर्यंत सातव्यांदा सांगतेयस." पण हसत होते. खूप दिवसांनी हसत होते.

घरी आल्या आल्या मी शीलाला फोन लावला. शीला डोंबिवलीची, बँकेच्या टीमची, माझी डबल्सची पार्टनर. त्याआधी माझी दुश्मन. आमची मैत्री झाली तीच एका फायनलमध्ये. शेवटचा बोर्ड, तिची एकच सोंगटी राहिलेली, माझ्या चार. तिनं स्ट्रायकर ठेवला नि मधेच हात वर केला. "फाउल. माझं बोट सोंगटीला लागलं." अंपायर म्हणाला, मी नाही बघितलं. मी पण नाही बघितलेलं. ती म्हणाली, "तुम्ही नाही, पण मी बघितलं ना." एक सोंगटी ड्यू भरली, म्हणजे दंड म्हणून परत बोर्डावर ठेवली, आणि तो बोर्ड हरली, मॅच हरली. कप माझ्या घरी आला. मी त्या कपाकडं बघायचे नि मला शीलाच दिसायची. तर त्या शीलाला मी फोनवर सगळं सांगितलं, तिखटमीठ लावून, वायरी किती, डॉक्टर किती खूश, सगळं. तीही हरखली. "अगं शालन, काय सांगतेस! आणि तेही गोळीशिवाय?" मी म्हटलं, "गोळीशिवाय." ती म्हणाली, "हॅलो? आवाज येतोय ना?" मी म्हटलं, येतोय.

फोन ठेवला नि मग उमगलं. म्हणजे तोपर्यंत मला खरंच वाटत होतं की आपण काही केलेलं नाही. पण तोंडानं बोलल्यावर ते झालं. मी खुर्चीत बसले, समोर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली माझे कप, आणि मला उगाच वाटलं की सगळे बघतायत. मी स्वतःला समजावायला लागले. अर्ध्या गोळीनं हात सैल होतो, शिकत थोडाच असेल? शिकला तो माझाच हात ना? गोळी काय पोस्टात होती? गोळीनं काय अण्णांच्या खोलीत दुपारी घालवल्या? पण मग दुसरं मन म्हणायचं, मग सांगून टाक ना. सांगायला काय होतंय? सांगितलं तर प्रीती माझी नोंद काढून टाकेल, हे होतंय. सोळा जणांत एक होते ती सोळांतून जाईन. तीन वर्षांत माझ्याबद्दल कुणी बोललेलं हे एकच चांगलं वाक्य, तेच जाईल. आणि नाही सांगितलं तर शुक्रवारी ती पोरगी तिच्या सरांपुढं उभी राहून सांगणार, बघा, या बाईचा हात गोळीशिवाय शिकतो. पुढं कुणी डॉक्टर ते खरं धरून दुसऱ्या कुणा शालनला सांगेल. या विचारानं मला घाम फुटला. आणि गंमत म्हणजे घाम फुटला तरी आतला आनंद काही जाईना. दोन्ही एकदमच चाललेलं. उठावं, पलंगामागचा बोर्ड ओढावा असं वाटायचं, आणि त्याच क्षणी वाटायचं, कुठल्या तोंडानं.

संध्याकाळी जगन गोळ्यांची डबी भरायला बसले. आठवड्याची डबी, सात वारांचे खण, सकाळ-दुपार-रात्र. हे काम ते कारखान्यातल्या शिस्तीनं करतात. मी पोहे निवडत होते, म्हणजे निवडल्यासारखं करत होते, अर्धे ताटाबाहेर. ते मान वर न करता म्हणाले, "मंगळवार सकाळच्या खणात दीड असते." माझा हात थांबला. "टेस्ट झाल्यावर तुला द्यायला उघडली, तर एकच होती." मी म्हटलं, "मग तेव्हाच का नाही बोललात?" ते म्हणाले, "तू त्या मुलीला कव्हर कसं करतात ते सांगत होतीस. मी कशाला मधे बोलू? तीन वर्षांनी बाई कॅरमबद्दल बोलत होती." मला रडू यायला लागलं नि रागही आला, दोन्ही यांच्यामुळंच. मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं की मी लबाडी केली." ते म्हणाले, "लबाडी काय त्यात. अर्धी गोळी. कुणाचं काय गेलं? शाले, राहू दे ना. तू आज हसलीस, मला पुष्कळ झालं." हा माणूस मला लग्नाच्या पहिल्या वर्षी शाले म्हणायचा, त्यानंतर प्रीतीच्या वयाची मुलगी होईल इतकी वर्षं गेली. मी त्यांच्याकडं बघत बसले. त्यांना माझा कप नको होता, नोंद नको होती, मी हसायला हवी होते. आणि ते सगळं मी मोडणार होते, हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "अहो, मला बघायचंय. गोळी न घेता काय राहिलंय ते मलाच बघायचंय. नाहीतर मी हसले ती कशावर हसले?" त्यांनी बुधवारच्या खणात गोळ्या टाकल्या, झाकण लावलं.

मी प्रीतीला फोन केला, म्हटलं, गुरुवारी येते, एक सांगायचंय, आणि शुक्रवारच्या आधीच सांगायचंय. ती घाबरली, तब्येत बरी आहे ना विचारायला लागली. बुधवारी रात्रीची गोळी मी घेतली नाही, गुरुवार सकाळचीही नाही. जगननं डबी आपल्या खिशात ठेवली नि वर रुमाल कोंबला, जसं काही मी चोरच. रिक्षा केली सरळ, बसमध्ये चढणंच शक्य नव्हतं. अंग असं आखडलं की मान वळवायची तर खांदे बरोबर यायचे. पण डोकं! डोक्यात लग्नघर. मॅचच्या सकाळी असायचं तसं, भूक नाही, तहान नाही, तळव्यांना मुंग्या, आणि जिभेवर ती पावडरची चव, जी मी तीस वर्षं चाखलेली. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, "मॅच आहे." त्यानं आरशातून जगनकडं बघितलं. जगन म्हणाले, "आहे, आहे. तू पुढं बघ."

हॉस्पिटलच्या काचेच्या दाराशी माझे पाय चिकटले. जमिनीला खिळे मारल्यासारखे. मागं माणसं, "आजी, चला ना," कुणीतरी म्हणालं, मी काय मुद्दाम उभी आहे होय! जगननं बगलेतली छत्री काढली नि माझ्या पावलांपुढं आडवी धरली, जमिनीपासून वीतभर. हे आम्हाला एकदा आपोआप सापडलेलं. नुसत्या जमिनीवर पाय चालत नाही, पण पुढं काही ओलांडायला असलं की उचलतो. मी छत्री ओलांडली. पुढं पुन्हा छत्री. असं करत आम्ही लिफ्टपर्यंत गेलो, मी ओलांडतेय, हे वाकतायत, नि मागची माणसं थांबून बघतायत. मला लाज वाटायला हवी होती. मला हसू येत होतं.

प्रीतीला मी उभ्या उभ्याच सांगितलं, बसले असते तर सांगितलं नसतं. "मंगळवारी मी अर्धी गोळी घेतलेली. बाथरूममध्ये. तुझी नोंद खोटी आहे, म्हणजे माझी." तिनं पेन बंद केलं, पुन्हा उघडलं. मग हळू आवाजात म्हणाली, "काकू, सरांना मी फोनवर सांगून टाकलंय." तिचा चेहरा इतकासा झाला. "मग फोनवरच सांग की म्हातारी खोटारडी निघाली," मी म्हटलं. ती हसली नाही. कॉम्प्युटर उघडला, बऱ्याच ओळी होत्या, त्यातली एक तिनं काळी केली आणि ती गेली. सोळाची पंधरा. मला वाटलेलं काहीतरी आवाज होईल. काही झालं नाही. मी म्हटलं, "आज बारा तास होऊन गेलेत. यांना विचार, डबी यांच्या खिशात आहे. घे टेस्ट." ती म्हणाली, सोळावी म्हणून धरता येईल की नाही हे सरांना विचारावं लागेल, दिव्यांचा क्रम नवा द्यावा लागेल. मी म्हटलं, "धर, नको धरू. मला बघायचंय."

टोपी, जेल, वायरी. जगन बाहेर बाकावर. दिवे सुरू झाले, आणि आई शप्पथ, असा खेळ मी आयुष्यात खेळले नाही. चौकोन पेटायचा, मला दिसायचा, मी हाताला सांगायचे, जा, आणि हात म्हणायचा, थांब. बोट उचलेपर्यंत दुसरा पेटलेला. बझर. घाई केली की भलतंच बटण. बझर. एकदा बोट बटणावर नुसतंच पडून राहिलं, उठेचना. मधेच मला वाटायचं, आता लागला क्रम, आता हाताला कळला, आणि लगेच बझर. शेवटी शेवटी मी दिवे बघणंच सोडलं, नुसती मारत होते. चुकलं, मार. चुकलं, मार. डोळ्यांत घाम उतरलेला, प्रीतीनं मधे दोनदा विचारलं, थांबायचं का? मी म्हटलं, गप्प बस. पाऊण तासाचा सव्वा तास झाला.

संपल्यावर ती बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसली. मी विचारलं, "अडखळले का?" ती म्हणाली, "नाही, काकू." सरळ सांगितलं तिनं, आडपडदा न ठेवता, आणि त्याबद्दल मी तिला मनातल्या मनात मानलं. "क्रम मोडला तिथं हात अडखळलाच नाही. आधी जेवढा सावकाश तेवढाच नंतर. म्हणजे आज तो क्रम शिकला नाही." खलास. एवढंच होतं तर. मंगळवारचा आनंद अर्ध्या गोळीचा होता, आणि गोळी माझ्या खिशातही नव्हती, नवऱ्याच्या होती. मला जगनकडं जाऊन बसायचं होतं. मी टोपीला हात लावला तर ती म्हणाली, "थांबा, थांबा, एक मिनिट. हे काय आहे?" तिनं खुर्ची ओढली, स्क्रीन माझ्याकडं वळवली. एक सपाट रेघ, नि तिच्यात एक उभा सुळका. "तुम्ही खूप चुकलात ना, म्हणून हे इतकं स्वच्छ आलंय. तुमच्या सगळ्या चुका एकावर एक ठेवल्यात. ही उभी रेघ म्हणजे तुम्ही चुकीचं बटण दाबलंत तो क्षण. आणि हा सुळका तुमच्या मेंदूचा. चूक झाली की तो दचकतो. या आजारात तो बऱ्याचदा बुटका होत जातो. तुमचा बघा केवढा आहे." मी बघितलं. "बझर ऐकून दचकत असेल," मी म्हटलं, आता फसायचं नव्हतं मला. तिनं बोट स्क्रीनवर सरकवत उजवीकडं नेलं, पार टोकाला. "बझर इथं आहे, काकू."

मी सुळक्याकडं बघितलं, मग बझरकडं, मग परत सुळक्याकडं. दोन्हींच्या मधे माझ्या वितीएवढी जागा. "म्हणजे बझरच्या आधीच?" "कितीतरी आधी. तुम्हाला स्वतःला कळायच्याही आधी." "अंपायरच्या आधी?" मी विचारलं. तिला कळलं नाही अंपायर कुठून आला, तिनं नुसती मान हलवली. "गोळी न घेता?" "गोळी न घेता." बाहेर बाकावर जगन होते, मी इतक्या जोरात हाक मारली की ते डबी उघडतच आत आले, त्यांना वाटलं मला काही झालं. "अहो, बघा! चुकलं ते याला कळतं! बझरच्या आधी कळतं!" प्रीती हसत होती, रडल्यासारखी पण दिसत होती, आणि म्हणाली, "झालं काकू, आता गोळी घ्या नि आराम करा." जगननं गोळी पुढं केली. मी त्यांचा हात बाजूला केला.

"दिवे लाव परत," मी म्हटलं. "अजून शंभर चुका करते."